आपल्या गाडीचा ईसीयू स्वतः ट्यून करायला शिकायचाय? मग आधी लॉग वाचा

केरीकर

"इंजिनाचा ईसीयू स्वतः ट्यून करायला शिकायचाय, सुरुवात कुठून करू?" असे निरोप अधूनमधून येतात. (ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक.) प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे एकदाच लिहून टाकतो. जाणकारांनी भर घालावी, कुठे चुकलं असेल तर बिनधास्त कान धरावा.

माझी गाडी जुनी एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरवाली) झेन. ९९३ सीसी, चार सिलिंडर. मूळ ईसीयू काढून फडताळात ठेवलाय आणि त्या जागी स्पीडुइनो आहे. ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी: अर्डुइनो मेगा नावाच्या साध्या बोर्डावर चालणारा हा ओपन सोर्स ईसीयू. त्याच्याही आधी, २००१ च्या सुमारास, अमेरिकेत बाउलिंग आणि ग्रिप्पो या दोघांनी मेगास्क्वर्ट आणला. हौशी लोकांनी घरी सोल्डरिंग करून ईसीयू बनवायचा प्रकार खरा तिथून रुळला. दोन्हींसाठी लॅपटॉपवर ट्यूनरस्टुडिओ हेच सॉफ्टवेअर चालतं.

पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पिकअप किती वाढला?" टर्बो नसलेल्या एवढ्याशा इंजिनाला नुसते आकडे बदलून सांगण्यासारखी ताकद मिळत नाही. तेवढ्यासाठी शिकणार असाल तर वेळ वाया जाईल. गाडी थंडगार असताना एका सेल्फमध्ये सुरू व्हावी, एसी लावल्यावर आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) कोसळू नये, दुसऱ्या गिअरमध्ये हळू जाताना हिसके बसू नयेत, एवढं साधणं हेच ऐंशी टक्के ट्यूनिंग आहे. कंपनी हे सगळं इतकं बेमालूम करून देते की त्यामागे कुणी राबलंय हे आपल्याला कळतच नाही.

तर ईसीयू करतो काय? इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी तोटी) किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा आणि ठिणगी नेमकी कधी पाडायची, हे दोन निर्णय. बाकीचं सगळं या दोघांच्या दिमतीला.

हिशेब करून बघा, म्हणजे भीती जाते. ९९३ भागिले ४, एका सिलिंडरला साधारण २४८ सीसी हवा. आपल्याकडच्या उष्ण हवेची घनता लिटरला १.२ ग्रॅमच्या जवळपास धरली, तर सिलिंडर पूर्ण भरल्यावर हवा सुमारे ०.३ ग्रॅम. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ भाग हवेला १ भाग इंधन, म्हणजे २० मिलिग्रॅमच्या आसपास पेट्रोल. समजा तुमचा इंजेक्टर मिनिटाला १८० सीसी देतो. मग एवढं पेट्रोल सोडायला त्याला ९ मिलिसेकंद लागतात. ट्यूनरस्टुडिओमध्ये "रिक्वायर्ड फ्युएल" म्हणून जो आकडा दिसतो तो हाच. त्याला मॅनिफोल्डच्या (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) दाबाने आणि व्हीई टेबलमधल्या टक्केवारीने गुणायचं, की झालं. व्हीई म्हणजे सिलिंडर त्या आरपीएमला, त्या दाबाला प्रत्यक्षात किती टक्के भरतो ते. सोळा बाय सोळाचा तक्ता असतो, आडवे आरपीएम, उभा दाब.

आता गंमत आयडलला. दाब ३५ किलोपास्कल (म्हणजे १०० च्या ३५ टक्के), व्हीई ५५ टक्के धरा. ९ चे पावणेदोन मिलिसेकंद उरले. पण इंजेक्टर हे शेवटी सोलेनॉइड, विजेने उघडणारी झडप. वीज मिळाल्यापासून प्रत्यक्ष उघडेपर्यंत त्याचा एखादा मिलिसेकंद फुकट जातो, त्याला डेड टाइम म्हणतात. म्हणजे आयडलला एकूण पल्सचा तिसरा हिस्सा नुसता दार उघडण्यात गेला! शिवाय व्होल्टेज उतरलं की डेड टाइम वाढतो. आपल्याकडे पावसात काय होतं? वायपर, हेडलाइट, काच पुसायला एसी आणि वर रेडिएटरचा पंखा. १४ व्होल्टचे १२.५ होतात, इंजेक्टर उशिरा उघडतो, मिश्रण लीन (पेट्रोल कमी) होतं आणि पणजीच्या सिग्नलला गाडी थरथरते. नवशिका अशा वेळी व्हीई टेबलचे आयडलचे रकाने वाढवतो. मग ऊन पडलं की गाडी रिच (पेट्रोल जास्त). व्हीई टेबल बिचारं बरोबरच होतं, चुकला होता डेड टाइमचा तक्ता. म्हणून सांगतो, आकडा बदलायच्या आधी तो कशामुळे हललाय ते बघा.

त्यासाठी लॉग, म्हणजे सेन्सरच्या आकड्यांची नोंद. सुरुवातीचे काही आठवडे एकही रकाना बदलू नका. आरपीएम, मॅप (मॅनिफोल्डचा दाब), थ्रॉटल, कूलंटचं तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान, बॅटरी व्होल्टेज आणि लॅम्डा (प्रत्यक्ष हवा-इंधन प्रमाण भागिले पूर्ण ज्वलनाचं प्रमाण) एवढं नोंदवत गाडी रोजच्यासारखी चालवा. घरी येऊन आलेख उघडा आणि प्रत्येक वळवळीला कारण द्यायचा प्रयत्न करा. कारण सापडत नसेल तर तो भाग बदलायचा अधिकार अजून तुम्हाला आलेला नाही, असं मी तरी मानतो.

लॅम्डासाठी वाइडबँड सेन्सर हवाच. गाडीत मुळात असतो तो नॅरोबँड. तो फक्त "रिच" किंवा "लीन" एवढंच सांगतो, किती ते सांगत नाही. बॉशचा एलएसयू ४.९ आणि त्याचा कंट्रोलर हा रुळलेला पर्याय. सायलेन्सरच्या पाइपात आडव्या रेषेपेक्षा निदान दहा अंश वर तोंड करून बसवा, म्हणजे त्यात पाणी साचणार नाही. हीटर चालू नसताना सेन्सर धुरात ठेवला तर तो काजळीने मरतो. पण इंजिन सुरू व्हायच्या आधीच हीटर तापवला आणि पाइपातलं साचलेलं पाणी अंगावर उडालं, तर आतलं सिरॅमिक तडकतं. जुलै महिन्यात पाइपात पाणी असतंच असतं.

आणि एक, मीटरवर १४.७ बघत बसू नका, लॅम्डा बघा. पंपावर आता ई२० मिळतं. त्याचं पूर्ण ज्वलनाचं प्रमाण साधारण १३.५ आहे, १४.७ नव्हे. म्हणजे तेवढ्याच हवेला ८-९ टक्के इंधन जास्त. एएफआरचा (हवा-इंधन प्रमाणाचा) मीटर मात्र आत लॅम्डाच मोजतो आणि त्याला १४.७ ने गुणून दाखवतो. लॅम्डा १ म्हणजे १, टाकीत काहीही असो. आयडलला आणि आरामात चालताना १ च्या आसपास, पूर्ण पाय दाबल्यावर ०.८५ ते ०.८८. साध्या इंजिनाला तेवढं पुरतं.

इग्निशनबद्दल मुद्दाम कमी लिहितोय. इंधन थोडंफार चुकलं तर गाडी रुसते, टाइमिंग चुकलं तर पिस्टन जातो. तो भाग सगळ्यात शेवटी शिका.

---

माडाची_सावली

पात्रांव, बरें बरयलां! वाचनखूण साठवली.

डेड टाइमचा भाग पहिल्यांदाच नीट कळला. आमच्याकडचा वायरमन अशा वेळी सरळ "अल्टरनेटर बदला" म्हणतो. एक शंका: तुम्ही केरीचे, म्हणजे चोर्ला घाट दारातच. घाट चढताना हवा विरळ होते, तेव्हा तुमचं टेबल चुकत नाही का?

---

चौथा_गिअर

लेख चांगला आहे, पण एक विचारतो. माझ्याकडे कार्ब्युरेटरची गाडी आहे. दोन स्क्रू, एक स्क्रूड्रायव्हर, कानाने ट्यून. लॅपटॉप नको, सेन्सर नको. चाळीस वर्षं लोकांनी अशाच गाड्या चालवल्या. हा सगळा खटाटोप नक्की कशासाठी?

---

केरीकर

@माडाची_सावली, छान प्रश्न. पणजीला चावी फिरवून इंजिन सुरू न करता मॅप सेन्सर बघा, १०० ते १०१ किलोपास्कल. चोर्ल्याला माथ्यावर, म्हणजे साधारण ८०० मीटरवर, तोच ९२ च्या घरात. मी स्पीड डेन्सिटी वापरतो, म्हणजे हिशेब मॅनिफोल्डच्या निरपेक्ष दाबावरच चालतो. हवा विरळ झाली की दाबच कमी दिसतो आणि इंधन आपोआप कमी होतं. वर गेल्यावर पूर्ण थ्रॉटलला १०० ची ओळ कधी गाठलीच जात नाही, ९०-९२ पर्यंतच जाते. थोडा फरक पडतो, कारण बाहेरचा दाब कमी झाला की धूर बाहेर पडायला सोपं जातं, पण तो किरकोळ.

खरी अडचण अल्फा-एन वाल्यांची. त्यात फक्त थ्रॉटलचा कोन आणि आरपीएम बघतात, त्यामुळे बाहेरच्या दाबाची दुरुस्ती वेगळी द्यावी लागते. स्पीडुइनो ती मॅप सेन्सरवरूनच घेतो, पण फक्त वीज चालू होते त्या क्षणी. केरीला सुरू करून न थांबता वर गेलात तर तो अजून केरीतच आहे. वेगळा बॅरो (बाहेरच्या दाबाचा) सेन्सर लावला तर हे टळतं.

@चौथा_गिअर, तुमचं म्हणणं मान्य. तुमची गाडी घाटात वर गेल्यावर रिच होत असणार, प्लग काळे पडत असणार. त्याचं तुम्हाला काही वाटत नसेल तर खरंच काही करू नका. मला आवडतं म्हणून करतो, दुसरं कारण नाही.

---

चौथा_गिअर

प्लग काळे पडतात, खरं आहे. आंबोलीला जाऊन आलो की साफ करतो. तेवढाच व्यायाम.

---

मांडवीतीर

मला स्पीडुइनो वगैरे बसवायचं नाही. गाडी २०१८ ची, बीएस४ पेट्रोल, रोज म्हापसा ते पणजी. पण समजून घ्यायला आवडेल. स्वस्तातला ईएलएम३२७ (ईसीयूचे आकडे फोनवर दाखवणारा डबा) घेऊन फोनला जोडलाय. ॲपमध्ये "शॉर्ट टर्म ट्रिम" सतत हलतो आणि "लाँग टर्म ट्रिम" आयडलला +१४ दाखवतो. पर्वरीचा चढ चढताना तोच +३ होतो. इंजिनचा दिवा लागलेला नाही. हे चांगलं की वाईट? की तो चिनी डबाच खोटं बोलतोय?

---

टाइमिंगवाला

ताई, डबा खोटं बोलत नसावा. नकली ईएलएम३२७ कधी जोडणी तोडतात, कधी काही आज्ञा समजतच नाहीत, पण ट्रिमचा आकडा गाडीचा ईसीयूच देतो. तो स्वतःच्या मनाने बनवणार नाही.

ट्रिम म्हणजे ईसीयूने आपल्या मूळ हिशेबात किती टक्के इंधन वाढवलं किंवा घटवलं ते. ऑक्सिजन सेन्सर बघून तो दर क्षणाला करतो तो शॉर्ट टर्म, त्याचा साचलेला अनुभव म्हणजे लाँग टर्म. अधिक-उणे ५ च्या आत असेल तर बिनघोर राहा. +१४ म्हणजे ईसीयूला हिशेबापेक्षा बरंच जास्त पेट्रोल द्यावं लागतंय.

तुम्ही चढावरचा आकडा दिलात हे उत्तम केलंत. आयडलला जास्त आणि लोडवर कमी, म्हणजे कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरतेय. आयडलला एकूण हवाच थोडी, त्यामुळे चिरलेल्या नळीतली हवा मोठा वाटा खाते. थ्रॉटल उघडल्यावर तिचा हिस्सा नगण्य होतो. उलटं असतं, म्हणजे चढावर +१४ आणि आयडलला ठीक, तर पंप किंवा फिल्टर इंधन पुरवत नाही असा संशय घेतला असता. ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्हीची (क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात नेणारी) नळी, मॅनिफोल्डचं गॅस्केट तपासा. इथल्या दमट उन्हात रबर लवकर कडक होतं.

केरीकरांच्या लेखात एक भर. वाइडबँड मिश्रण मोजत नाही, धुरातला ऑक्सिजन मोजतो. एका सिलिंडरने मिसफायर केलं की त्यातली न जळलेली हवा तशीच बाहेर पडते आणि मीटर "लीन" म्हणतो. प्रत्यक्षात प्लग पेट्रोलने भिजून मेलेला असतो! नवशिका आणखी पेट्रोल टाकतो, मिसफायर वाढतं, मीटर आणखी लीन दाखवतो. तेच पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो वितळतो. सेन्सरच्या अलीकडे पाइपाला बारीक छिद्र असलं तरी असंच खोटं लीन दिसतं. त्यामुळे ट्यूनिंगला हात घालायच्या आधी प्लग, कॉइल, कॉम्प्रेशन, इंधनाचा दाब हे गॅरेजातलं सगळं उरकून घ्या.

---

केरीकर

@टाइमिंगवाला, वा. हे मूळ लेखात हवं होतं. टाइमिंगबद्दलही तुम्हीच लिहा ना, नाव सार्थ करा.

---

टाइमिंगवाला

लिहितो, पण थोडक्यात. जेवायची वेळ झाली आहे.

पेट्रोल जळायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी पाडावी लागते. सिलिंडरमधला सगळ्यात जास्त दाब पिस्टन खाली निघाल्यावर, १५ अंशांच्या आसपास यावा, तेव्हा क्रँकला जोर नीट मिळतो. आरपीएम वाढले की वेळ कमी, म्हणून ॲडव्हान्स (ठिणगी किती अंश आधी ते) वाढवायचा. लोड वाढला की मिश्रण दाट आणि पटकन जळणारं, म्हणून घटवायचा. फार पुढे गेलात तर नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून पिस्टनवर हातोडे.

सगळ्यात आधी टाइमिंग लाइट घेऊन खात्री करा की स्क्रीनवर १० अंश म्हणजे पुलीवरही १०च आहेत. स्पीडुइनोत त्यासाठी टाइमिंग एका आकड्यावर बांधून ठेवायची सोय आहे. क्रँकवर ३६-१ चं (३६ पैकी एक दात गाळलेलं) चाक बसवलं असेल तर त्यात एक दात म्हणजे १० अंश. मोजताना एका दाताची गफलत झाली की आख्खं टेबल १० अंशांनी सरकलं. स्क्रीन काहीही दाखवत राहील.

यापुढे, घरगुती ट्यूनरने पूर्ण लोडवर टाइमिंग कमीच ठेवावं. किती ॲडव्हान्सला ताकद वाढायची थांबते, हे डायनोशिवाय (ताकद मोजायच्या यंत्राशिवाय) कळत नाही. आणि नॉकिंग दर वेळी कानाला ऐकू येईलच असं नाही.

---

माडाची_सावली

मग उन्हात उभी केलेली गाडी? मिरामारला दुपारी तासभर लावली की सुरू होताना नाटकं करते, दोन मिनिटांनी शहाण्यासारखी चालते.

---

केरीकर

हा तर गोव्याचा राष्ट्रीय आजार! आपल्याला कोल्ड स्टार्टचा त्रास नाहीच. वॉर्म-अपच्या तक्त्यात शून्याच्या खालचे रकाने असतात, त्यांना मी आजवर बोट लावलेलं नाही. आपलं दुखणं हॉट स्टार्ट.

तुमच्या हवेच्या तापमानाचा सेन्सर मॅनिफोल्डमध्ये रुतलेला असेल तर गाडी बंद असताना तो इंजिनाच्या उष्णतेने तापतो. सुरू करताना तो ६५ अंश सांगतो. ईसीयू म्हणतो, गरम हवा म्हणजे विरळ हवा, पेट्रोल कमी करा. प्रत्यक्षात आत येणारी हवा ३५ ची. म्हणून लीन. गाडी चालू लागली की वाऱ्याने सेन्सर गार होतो आणि सगळं सुरळीत. उपाय दोन: सेन्सर एअर फिल्टरच्या पुढच्या प्लास्टिकच्या नळीत हलवा, किंवा तापमानाच्या दुरुस्तीचा उतार वरच्या टोकाला जरा सौम्य करा. मला पहिला पटतो. दुसऱ्यात आकडे खोट्याच्या मापाने बसवल्यासारखे होतात.

---

पेडण्याचा_डिझेलवाला

तुम्ही सगळे पेट्रोलवाले. कंपनीच्याच ईसीयूतली फाइल वाचून, बदलून परत लिहायची, त्याबद्दल कुणीच बोलत नाही. डिझेल टर्बोला त्यात खरा फरक पडतो. मला शिकायचंय.

---

टाइमिंगवाला

फरक पडतो हे खरं. टर्बोचा बूस्ट आणि इंधन दोन्ही वाढवता येतात, म्हणून पडतो. पण शिकायला तो रस्ता उलटा आहे. स्पीडुइनोत प्रत्येक रकान्याचं नाव समोर दिसतं. कंपनीच्या फाइलमध्ये नुसते आकड्यांचे डोंगर. कुठला नकाशा कशाचा, हे सांगणारी डेफिनिशन फाइल नसेल तर टर्बोचा म्हणून तुम्ही भलत्याच तक्त्याला हात घालाल. वर टॉर्कच्या मर्यादा एकमेकींत गुंतलेल्या. एक वाढवली की दुसरी अडवते. लिहिताना चेकसम (फाइल तपासायचा बेरजेचा आकडा) दुरुस्त करावा लागतो, नाहीतर ईसीयू फाइल नाकारतो.

आणि लिहिताना मध्येच वीज गेली तर ईसीयू अर्धवट लिहिलेला राहतो, मग तो उघडून बूट मोडमधून उठवायचा. टेबलावर सप्लाय लावून फ्लॅश करणार असाल तर पावसाळ्यात यूपीएसशिवाय बसू नका. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, सप्लायला नसते. गाडीतच करणार असाल तर बॅटरीला चार्जर लावून व्होल्टेज स्थिर ठेवा. मूळ फाइलची प्रत दोन ठिकाणी हवी.

डीपीएफ आणि ईजीआर (धूर स्वच्छ ठेवणारी यंत्रणा) बंद करून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. मागे चालणाऱ्या स्कूटरवाल्याच्या फुफ्फुसाचा विचार करा.

---

पेडण्याचा_डिझेलवाला

डीपीएफ काढायचा विचार नव्हताच. बाकी समजलं. आधी ईएलएम३२७ वर लॉग बघायला लागतो.

---

खाजनकाठ

कुणीतरी कायद्याचं बोलायला हवं म्हणून लिहितो, धाग्यावर न संपणारा वाद पेटवायचा हेतू नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीतला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर दाव्याच्या वेळी वाद होतो. वॉरंटीतल्या गाडीचं तर बोलायलाच नको.

पीयूसीत बीएस४ पेट्रोल गाडीचा लॅम्डा वाढवलेल्या आयडलला ०.९७ ते १.०३ मध्ये असावा लागतो. म्हणजे तुमचं ट्यूनिंग तिथेही तपासलं जातं.

आणि कृपा करून गाडी चालवता चालवता मांडीवरच्या लॅपटॉपकडे बघू नका. बांबोळीच्या उतारावर ट्रक कसे येतात ते सगळ्यांना माहीत आहे.

---

केरीकर

शंभर टक्के सहमत. लॉग चालू करायचा, लॅपटॉप मिटून मागच्या सीटवर. बदल करायचा तो गाडी बाजूला उभी करून, एका वेळी एकच, आणि जुनी फाइल तारखेसकट जपून. ट्यूनरस्टुडिओच्या विकतच्या आवृत्तीत व्हीई टेबल आपोआप सुधारायची सोय आहे. तिच्यासाठीही शेजारी दुसरा माणूस बसलेला हवा. वर टाइमिंगवाल्यांनी सांगितलेलं खोटं लीनही तिला कळत नाही, ती मुकाट पेट्रोल वाढवत जाते.

---

मांडवीतीर

पीसीव्हीची नळीच होती. कोपरात चीर, हाताने वाकवल्यावर दिसली. नळी बदलली. दोन दिवस चालवल्यावर लाँग टर्म आयडलला +४. मेकॅनिकने विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

आता पुढचा प्रश्न. नवऱ्याची जुनी जिप्सी अंगणात पडून आहे आणि त्याला या धाग्याची लिंक पाठवून मी पस्तावतेय. स्पीडुइनोचा डबा बसवायचा कुठे? तो म्हणतो बॉनेटखाली बॅटरीच्या बाजूला जागा आहे.

---

केरीकर

ताई, बॉनेटखाली मुळीच नको. डॅशबोर्डच्या आत, पायाच्या बाजूच्या पॅनलवर उंच लावा. पण जिप्सी म्हणजे पाणी आत येणारच, त्यामुळे कनेक्टरचं तोंड खाली ठेवा आणि वायर डब्यात शिरायच्या आधी खाली झोळ देऊन वर घ्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळातच टपकेल. इंजिनाकडून येणाऱ्या वायरींना बॉडीतून आत घेताना रबरी ग्रोमेट हवंच.

अर्थ सगळे एकाच जागी, थेट इंजिन ब्लॉकवर. बॉडीवर कुठेही नको. समुद्राच्या हवेने वर्षभरात त्या बोल्टाखाली गंज आणि तांब्यावर हिरवा कळंक चढतो, मग कूलंटचा सेन्सर हेडलाइट लावला की पाच अंशांची उडी मारतो आणि माणूस सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसतो. रंग खरवडून धातू उघडा करा, आवळा, वरून ग्रीस लावा. क्रँक सेन्सरची वायर शिल्ड केलेली घ्या, शिल्ड फक्त ईसीयूच्या टोकाला अर्थ करा आणि ती कॉइलच्या वायरींपासून लांबून न्या.

जिप्सी कार्ब्युरेटरची की एमपीएफआय? कार्ब्युरेटरची असेल तर इंधनाचा पंप आणि परतीची नळी यांपासून सुरुवात करावी लागेल, त्याला वेगळा धागा काढू. @चौथा_गिअर यांनी तिकडे फिरकू नये.

---

चौथा_गिअर

फिरकणार. काढलेला कार्ब्युरेटर टाकून देऊ नका, मी घेऊन जाईन.